शिफारसपत्र

गगनबावड्याच्या सरकारी दवाखान्यात बंधपत्राचं वर्ष पुरं करणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीनं यंदाच्या जुलैत माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. मी तीस वर्षांहून अधिक काळ कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि महिन्यातून एक दिवस मुलं तपासायला गगनबावड्याला जाते. शहरापासून पंचावन्न किलोमीटर, जिल्ह्यातला सर्वांत कमी वस्तीचा तालुका. पावसाळ्यात समोरचा गगनगड दिवसचे दिवस दिसत नाही. तिथेच आमची ओळख झाली. शिफारसपत्रं मी आजवर पुष्कळ लिहिली आहेत. 'कष्टाळू, नम्र, सुस्वभावी' एवढ्यावर आपल्याकडे भागतं. त्यामुळे मी लगेच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं पाठवलेला कागद उघडला आणि माझ्या लक्षात आलं की हे काम वेगळं आहे. पत्र तिच्या हातात द्यायचं नव्हतं; एका सांकेतिक क्रमांकाच्या आधारे मीच ते अमेरिकेतल्या संगणकावर चढवायचं होतं. ते वाचण्याचा हक्क तिनं आधीच सोडून दिला होता. अर्ज होता चाइल्ड न्यूरॉलॉजीच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे लहान मुलांच्या मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या विकारांत तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणासाठी. मी तिला म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. हे सगळं काय आहे ते आधी मला कळू दे."

त्या पंधरा दिवसांत आणि नंतरही जे समजून घेतलं, ते इथे मांडते आहे. आपल्या ओळखीत अमेरिकेला गेलेला एक तरी डॉक्टर असतो. 'हुशार होता, गेला' यापलीकडे त्या जाण्याबद्दल आपल्याला फारसं माहीत नसतं. तो रस्ता कसा आहे आणि त्यावर कोण कोणाकडून कसलं वचन घेतं, हे एकदा नीट पाहावं असं मला वाटलं.

०

आधी विषयाबद्दल. मोठ्या माणसाचा मेंदू तयार झालेला असतो, मुलाचा घडत असतो. त्यामुळे एकच बिघाड पाचव्या महिन्यात एक रूप घेतो आणि पाचव्या वर्षी दुसरं. तापात येणारी आकडी सहा महिने ते पाच वर्षं या वयात दिसते आणि बहुतेक वेळा मागे काही न ठेवता जाते. पण ताप नसताना येणारे झटके, उशिरा धरलेली मान, चालता चालता वारंवार पडणारं मूल, आलेली भाषा गमावणारं मूल, या प्रत्येकामागे निराळं काही असू शकतं. ते ओळखायला बालरोग आणि मेंदूविकार ही दोन्ही शास्त्रं एकाच डोक्यात असावी लागतात. असे तज्ज्ञ जगात सगळीकडे कमी आहेत आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत आहेत.

आपल्याकडे त्यासाठी साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग नीट-पीजी देऊन बालरोगातली तीन वर्षांची एमडी, मग नीट-एसएस देऊन तीन वर्षांची डीएम असा क्रम आहे. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय अशा संस्थांत ही डीएम आहे, पण जागा मोजक्या. अमेरिकेत एमबीबीएसनंतर पाच वर्षं लागतात : दोन बालरोगाची, तीन मेंदूविकारांची. या तीनांतलं सुमारे एक वर्ष मोठ्यांच्या मेंदूविकारांत जातं. बहुतेक जागा अशा असतात की एकदा प्रवेश मिळाला की पाचही वर्षं त्याच संस्थेत. इथे दोनदा ओलांडायचा उंबरठा तिथे एकदाच. मुलं तिकडे का बघतात याचं एक साधं कारण हे आहे. पगार हे दुसरं कारण, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण तो एक उंबरठा उंच आहे. अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरची पात्रता तपासणारी ईसीएफएमजी नावाची संस्था १९५६ पासून काम करते. तिचं प्रमाणपत्र मिळवायला दोन लेखी परीक्षा द्याव्या लागतात : स्टेप वन मूलभूत शास्त्रांची, स्टेप टू रुग्णोपचाराच्या ज्ञानाची. दोन्ही भारतात संगणकावर देता येतात. प्रत्येकीची फी हजार डॉलरच्या आसपास, शिवाय परदेशात परीक्षा देण्याचा अधिभार. पूर्वी तिसरी एक प्रात्यक्षिक परीक्षा होती; तिच्यासाठी विमानानं अमेरिकेला जावं लागे. करोनाकाळात ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. आता तिच्या जागी डॉक्टरांसाठीची इंग्रजी संभाषणाची परीक्षा आणि रुग्णतपासणीच्या कौशल्याची पडताळणी आहे. तुमच्या देशातली वैद्यकीय शिक्षणाची नियामक यंत्रणाही जागतिक मान्यतेची असणं आता अपेक्षित आहे. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला ती मान्यता २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी मिळाली.

स्टेप वनचे गुण २६ जानेवारी २०२२ पासून कळवले जात नाहीत. फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "मॅडम, आमच्यासाठी ते उलटंच झालं. आमच्या कॉलेजचं नाव तिथं कुणाला माहीत नाही. पूर्वी निदान आकडा बोलायचा." आता सगळा भार स्टेप टूच्या गुणांवर, पत्रांवर आणि निवेदनावर आला आहे.

पत्रांतही अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पत्रांना वजन जास्त. त्यासाठी उमेदवार स्वखर्चानं महिना-दोन महिने तिकडच्या रुग्णालयात निरीक्षक म्हणून जातात. बहुतेक ठिकाणी रुग्णाला हात लावायचा नाही, मागे उभं राहून पाहायचं. ही मुलगी एक महिना जाऊन आली, वडिलांनी काढलेल्या कर्जावर. गगनबावड्यात दिवसाला साठ-सत्तर रुग्ण स्वतः तपासणाऱ्या डॉक्टरच्या अर्जात मागे उभं राहिल्याचा तो महिना अधिक मोलाचा ठरतो, हे मला पचायला जड गेलं. पण त्यांची बाजूही समजते. माझ्या शब्दावर विश्वास का ठेवावा, हे त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही.

म्हणूनच पत्रात विशेषणं चालत नाहीत. एका प्रसंगात उमेदवारानं नेमकं काय पाहिलं, काय केलं, कुठे चुकलं, चूक कशी सुधारली, हे त्यांना हवं असतं. मला प्रसंग शोधावा लागला नाही.

०

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. घाटाखालच्या वाडीतून एक आजी पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन सर्दीसाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) निघता निघता त्या कौतुकानं म्हणाल्या, "बाईसाहेब, पोरगं लई गुणाचं हाय. झोपेतनं उठलं की नमस्कार घालतंय बगा. धा-पंधरा डाव."

ही मुलगी थबकली. तिनं आजींना बसवून घेतलं आणि बाळ झोपून उठेपर्यंत थांबायला सांगितलं. मग मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून मला पाठवलं. बाळाची मान झटक्यानं पुढे झुकत होती, दोन्ही हात वर येत होते, क्षणभर थांबून पुन्हा तेच, ओळीनं. प्रत्येक झटका सेकंद-दोन सेकंदांचा. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं : 'मॅडम, वेस्ट?'

वेस्ट हे एका डॉक्टरचं नाव. विल्यम वेस्ट इंग्लंडमधल्या टनब्रिज या लहान गावात वैद्यकी करत. १८४१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहून एका तान्ह्या मुलाच्या अशाच झटक्यांचं वर्णन केलं आणि कुणाला उपाय माहीत असल्यास कळवावा अशी विनंती केली. ते मूल त्यांचं स्वतःचं होतं. लंडनच्या ज्येष्ठ डॉक्टरांना दाखवूनही त्याला गुण आला नव्हता. त्या काळी या झटक्यांना 'सलाम' असं नाव दिलं गेलं. इंग्रजांना तो सलाम दिसला, आमच्या आजींना नमस्कार. ज्या आजाराला आज वेस्ट सिंड्रोम म्हणतात, त्याचं पहिलं वर्णन असं गावातल्या एका हतबल बापानं केलेलं आहे.

हा आजार बहुधा पहिल्या वर्षातच सुरू होतो. पोटदुखी, दचकणं, सवय असं समजून आठवडे निघून जातात आणि तेवढ्या काळात मुलाची वाढ थांबते, कधी उलटी फिरते. मेंदूच्या विद्युत-आलेखात ठरावीक गोंधळलेलं चित्र दिसतं. उपचार आहेत : एसीटीएच हे संप्रेरकाचं इंजेक्शन, मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, काही मुलांत व्हिगाबॅट्रिन. ते जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. इथे खरी लढाई ओळखण्याचीच असते.

बाळाला त्याच संध्याकाळी कोल्हापूरला आणलं. आलेखानं शंका खरी ठरवली. गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या आठवड्यात झटके थांबले. पुढे काय, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. आता ते बसतं, आईकडे बघून हसतं. बोलण्याचं अजून बघायचं आहे.

तिला मी विचारलं होतं, "तुला कसं सुचलं?" ती म्हणाली, "इंटर्नशिपमध्ये असंच एक बाळ बघितलं होतं. मी आईला म्हटलं, गॅसेस असतील. तीन महिन्यांनी ते परत आलं." एवढं सांगून ती गप्प बसली. चाइल्ड न्यूरॉलॉजी का, या प्रश्नाचं तिचं उत्तर बहुधा तेच असावं. पानभर निवेदनात तिनं ते लिहिलं की नाही, मी विचारलं नाही.

०

सप्टेंबरमध्ये अर्ज सादर होतात. यंदा २४ सप्टेंबरपासून ते संस्थांना पाहता येऊ लागले. चाइल्ड न्यूरॉलॉजीत शंभरापेक्षा कमी संस्था आणि वर्षाला साधारण दोनशे जागा. ऑक्टोबर ते जानेवारी संगणकाच्या पडद्यावर मुलाखती. त्यानंतर येतो या सगळ्यातला सर्वांत विलक्षण भाग, त्याला 'मॅच' म्हणतात. तो समजायला मराठी माणसाला जड जाऊ नये, कारण तो स्थळं जुळवण्याचाच प्रकार आहे.

उमेदवार संस्थांची पसंतीक्रमानं यादी देतो, संस्था उमेदवारांची देते. दोघांनाही एकमेकांच्या याद्या दिसत नाहीत. संगणक प्रत्येक उमेदवाराला त्याच्या पहिल्या पसंतीच्या दारात नेतो. संस्थेच्या यादीत त्याचं नाव असेल आणि जागा असेल तर तात्पुरतं बसवून घेतो. पुढे त्याच दारात संस्थेला अधिक पसंत असलेला उमेदवार आला, तर आधीच्याला उठवतो आणि त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे नेतो. साखरपुडे होतात, मोडतात. कुणी हलायचं उरलं नाही की सगळी लग्नं एकदम लागतात आणि मग कुणालाही माघार घेता येत नाही. या पद्धतीमागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं. त्यांच्या निबंधातही उदाहरण विवाहाचंच होतं. अमेरिकेतली डॉक्टरांची जुळवणी १९५२ पासून चालू आहे. १९९० च्या दशकात अल्विन रॉथ यांनी तिची उमेदवाराला झुकतं माप देणारी सुधारित रीत तयार केली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना मिळालं.

या रीतीचा एक गुण मला फार आवडला. उमेदवारानं धूर्तपणा करण्याची गरज नसते. 'ते मला घेणार नाहीत, मग खालचं आधी लिहू' असा हिशेब केला तर नुकसान त्याचंच. मनात जो क्रम आहे तोच कागदावर लिहिणं सर्वांत फायद्याचं, हे सिद्ध झालेलं आहे. पण मनातला क्रम खरा लिहिता आला तरी यादीत नाव यावं लागतं. २०२५ च्या मॅचमध्ये सर्व शाखा मिळून ४३,२३७ जागा होत्या आणि नोंदणी केलेले ५२,४९८. अमेरिकेत एमडी होणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांच्या आसपास जुळले, बाहेर शिकलेल्या परदेशी नागरिकांपैकी ५८ टक्क्यांच्या आसपास. ज्यांचं जुळत नाही, त्यांचं वर्ष जातं आणि पुढच्या वर्षी 'शिकून किती दिवस झाले' या रकान्यात आकडा वाढलेला असतो.

०

जागा मिळाल्यावर व्हिसा. बहुतेकांना जे-वन मिळतो आणि त्याचं प्रायोजकत्व ईसीएफएमजीकडे असतं. यातली एक अट वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र जोडावं लागतं : देशाला अशा तज्ज्ञांची गरज आहे आणि या व्यक्तीनं परत येण्याची लेखी हमी दिली आहे. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिथे नोकरीचा किंवा कायमच्या वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही.

म्हणजे अमेरिकेचा कायदा तिला परत पाठवतो. मग सगळे तिथे राहतात कसे? अमेरिकेतल्या डॉक्टरांपैकी सुमारे पाव हिस्सा बाहेर शिकलेला आहे आणि त्यात भारतीय सर्वांत जास्त आहेत.

उत्तर आहे १९९४ च्या एका तरतुदीत. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावानं ती ओळखली जाते. त्यांच्या राज्यात गावं दूरदूर, थंडी कडाक्याची, डॉक्टर जायला तयार नाहीत. त्यांनी असं सुचवलं की परदेशी डॉक्टरनं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं, म्हणजे त्याला मायदेशी परतण्याची अट माफ. आता प्रत्येक राज्याला वर्षाला तीस जणांसाठी अशी माफी मागता येते.

महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष शासन पाठवील तिथे काम करायचं, नाही तर दहा लाख रुपये भरायचे. या बंधपत्रामुळेच ही मुलगी गगनबावड्याला आली. अमेरिकेतही शेवटी तेच : तीन वर्षं आडगावात काम कर, नाही तर घरी जा. गगनबावड्याला परत यायचं नसेल तर अमेरिकेतल्या गगनबावड्यात राहायचं. तिथल्याही कुठल्या आजी नातवाला घेऊन बर्फातून तीनशे किलोमीटर गाडी हाकत येत असतील. त्यांचं बाळ आपल्या बाळाहून कमी मोलाचं आहे असं मी म्हणणार नाही. पण एका टंचाईतून डॉक्टर उचलून दुसऱ्या टंचाईत ठेवायचा, यासाठी दोन देशांनी केवढी कागदपत्रं उभी केली आहेत! फरक एवढाच की त्यांच्या अटीला धाक आहे. आपल्या मंत्रालयाकडच्या हमीपत्राला तसा धाक नाही.

तो रस्ताही आता निसरडा झाला आहे. यंदा मे महिन्याच्या अखेरीस व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणं तीन आठवडे थांबलं होतं. प्रशिक्षण १ जुलैला सुरू होतं, तेव्हा जागा मिळालेली मुलं जीव मुठीत धरून होती. आणि हा लेख हातावेगळा करत असताना, १९ सप्टेंबरला, एच-वन-बी या दुसऱ्या प्रकारच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं.

०

या वाटेनं पहिली गेलेली मराठी मुलगी आपल्याला माहीत आहे. आनंदीबाई जोशी २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूर कॉलेजात सभेपुढे उभ्या राहिल्या आणि अमेरिकेलाच का, एकटीच का, अशा लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं दिली. आजच्या उमेदवाराचं निवेदन म्हणजे तेच भाषण, पानभर केलेलं. त्या एप्रिलमध्ये निघाल्या आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. आपल्या लक्षात कमी राहतं ते पुढचं : त्यांची नेमणूक कोल्हापूर संस्थानानं केली होती, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो तेच ते रुग्णालय. त्या परत आल्या, पण क्षयानं खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. कोल्हापूरला रुजू झाल्याच नाहीत.

सीपीआरच्या त्या जुन्या दगडी इमारतीवरून जाताना मला आता एक गोष्ट जाणवते. आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा त्यांना बोलावणारं एक संस्थान होतं, ठरलेलं पद होतं, वाट बघणारा विभाग होता. पाच वर्षांनी ही मुलगी परत येते म्हणाली, तर तिला कुठे रुजू करून घ्यायचं? गगनबावडा सोडा, जिल्ह्यात तरी तिच्या विद्येला साजेसं पद कोण तयार ठेवणार आहे? 'परत येत नाहीत' अशी तक्रार मीही अनेकदा केली आहे. बोलावणं कुणी पाठवलं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

पत्र मी ऑगस्टच्या शेवटी लिहिलं. नमस्कार घालणाऱ्या बाळाची हकिगत लिहिली, आधीच्या चुकलेल्या बाळाची ऐकीव हकिगतही लिहिली. शेवटी एक वाक्य टाकलं होतं : ती शिकून आपल्या लोकांत परत येईल, याची मला खात्री आहे. पाठवण्याआधी तिला फोन केला. पत्राबद्दल काही न सांगता विचारलं, "परत येशील का गं?"

पलीकडे पाऊस पत्र्यावर वाजत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "खरं सांगू मॅडम? माहीत नाही."

मी ते वाक्य खोडलं आणि पत्र चढवलं.

निकाल मार्चमध्ये आहे. १६ तारखेला जुळलं की नाही एवढं कळेल. कुठे, ते २० मार्चला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे रात्री साडेनऊला. तिचं बंधपत्राचं वर्ष ऑगस्टमध्येच संपलं. जाण्याआधी तिनं तालुक्यातल्या आशाताईंना एकत्र बसवून ते चित्रण दाखवलं, बाळाचा चेहरा झाकून. तान्हं मूल असा नमस्कार घालायला लागलं तर कौतुक करू नका, मोबाइल काढा आणि दवाखान्यात पाठवा, एवढंच सांगितलं. गेल्या महिन्यात एका आशाताईंनी असं एक चित्रण मला पाठवलं. ते बाळ नुसतं दचकत होतं, काही नव्हतं. तरी मी त्यांना फोन करून शाबासकी दिली.